टेम्पोच्या लिफ्टचा ब्रेकर सारखा पडतोय? मोठा बसवण्याआधी वायर बघा

बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या खाडीपुलाकडे सकाळी निघालं की पुढे-मागे टेम्पोच टेम्पो दिसतात. जुन्या आग्रा रोडवर कशेळी, काल्हेर, पूर्णा, पुढे अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची रांग आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांतली कितीतरी पोरं याच रस्त्यावर स्वतःची किंवा हप्त्याची गाडी चालवतात. त्यातल्या काही गाड्यांच्या मागे आता लोखंडी फळी असते. बटण दाबलं की ती खाली येते, फ्रीज किंवा वॉशिंग मशीन तिच्यावर ठेवलं की वर जाते. हमालांच्या भाषेत ती नुसती 'लिफ्ट', कंपनीच्या कागदावर 'टेल लिफ्ट'.

या लिफ्टची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. माल अर्ध्यावर असताना लिफ्ट थांबते. ड्रायव्हर बॅटरीजवळचं लाल बटण दाबतो, लिफ्ट पुन्हा चालते. चार दिवसांनी तेच. मग दिवसातून तीनदा तेच. शेवटी गाडी रस्त्याकडेच्या वायरमनकडे जाते आणि तिथे दहा मिनिटांत उपाय होतो: 80 अँपिअरचा ब्रेकर काढायचा आणि 150 चा टाकायचा. लिफ्ट सुरळीत चालते, ब्रेकर परत पडत नाही, सगळे खूश.

गाडीला आग लागण्याची तयारी बऱ्याचदा अशीच होते. ब्रेकर बदलणं चूक नाही, पण काहीच न मोजता तो मोठा करणं धोक्याचं आहे.

पंप एकच, गाड्या वेगळ्या

टेल लिफ्टखाली एक छोटी पेटी असते. तिच्यात 12 किंवा 24 व्होल्टची डीसी मोटर, तिला जोडलेला तेलाचा पंप, तेलाची टाकी आणि व्हॉल्व्ह असतात. मोटर फिरली की पंप तेल दाबतो, ते तेल सिलिंडरमध्ये जाऊन दांडा ढकलतं आणि फळी उचलली जाते. छोटा हत्ती, पिकअप अशा गाड्यांना बॅटरी 12 व्होल्टची, तर मोठ्या ट्रकना बहुतेक 24 व्होल्टची.

हीच पेटी आणखी एका प्रकारच्या गाडीत सापडते. घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंग चालतात, तिथे उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅन गावाकडच्या लोकांनीही पाहिल्या असतील. परदेशात लोक राहण्याच्या मोठ्या गाड्या घेऊन फिरायला जातात. त्यातल्या पुष्कळ गाड्यांत एका बाजूची भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते आणि गाडी थांबली की आतली खोली रुंद होते. काही गाड्यांत हे काम साधी मोटर आणि दातेरी पट्टी करते, काहींत हायड्रॉलिक पंप. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यामुळे अशा गाड्या बांधणं आणि भाड्याने देणं हा इकडेही धंदा होऊ शकतो. सरकती भिंत असो की लिफ्ट, बॅटरीपासून पंपापर्यंतची वायर आणि मधला ब्रेकर यांचं गणित एकच आहे.

12 व्होल्टला एवढी जाड वायर का लागते?

विहिरीवरच्या पंपाशी तुलना केली की हे लगेच कळतं. दोन एचपीची सिंगल फेज मोटर 230 व्होल्टवर साधारण दहा-बारा अँपिअर ओढते. दोन एचपी म्हणजे अंदाजे 1500 वॉट. तेवढीच ताकद 12 व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर 1500 ला 12 ने भागा. उत्तर येतं 125 अँपिअर. मोटरमध्ये काही वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढतात, यातून सुटका नाही. म्हणून शेतातल्या मोटरला चालणारी वायर टेम्पोच्या लिफ्टला लावता येत नाही. तिथे बोटाएवढी जाड केबल लागते.

गाडी 24 व्होल्टची असेल तर हाच आकडा निम्म्यावर येतो. मोठ्या ट्रकच्या लिफ्टची केबल काही वेळा पिकअपच्या लिफ्टपेक्षा बारीक दिसते ती यामुळेच. तिकडचं बघून इकडे तीच वायर टाकली तर फसगत होते.

ब्रेकर नक्की कोणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं की ब्रेकर मोटरला वाचवतो. मोटरला थोडाफार फायदा होतोही, पण त्याचं पहिलं काम वायर वाचवणं. केबल बॅटरीपासून निघते, चासीच्या कडेने मागे जाते. वाटेत कुठे पत्र्यावर घासून तिचं आवरण फाटलं आणि तांबं चासीला टेकलं, तर बॅटरी त्या तारेतून हजार अँपिअरच्या वर प्रवाह सोडू शकते. ब्रेकर नसेल तर तार काही सेकंदांत लाल होते. शेजारी डिझेलचा पाइप, प्लास्टिक, वर लाकडी फळ्या आणि खोक्यांमधला माल. गाडी बंद होती, चावीही काढलेली होती, तरी पेटली कशी, असा प्रश्न मग लोक विचारतात. चावी काढली तरी बॅटरीपासून पंपाकडे जाणारी जाड केबल जिवंतच असते.

गावात याचा जुना अनुभव आहे. शेतातल्या डीपीवर फ्यूज वारंवार उडाला की कोणीतरी तारेचे चार पदर पिळून टाकतो. मोटर चालू होते, फ्यूज उडत नाही, आणि एक दिवस केबल जळते नाहीतर मोटर. घरातल्या किटकॅटमध्ये जाड तार भरण्याचीही तीच गत. 80 च्या जागी 150 चा ब्रेकर म्हणजे पिळलेल्या तारेचंच काम, फक्त दिसायला नीटनेटकं.

आकड्यात बघू. समजा पंप बॅटरीपासून सहा मीटरवर आहे. केबल 16 एमएमची, म्हणजे तांब्याचा छेद 16 चौरस मिलिमीटर. जाणारी आणि परत येणारी मिळून बारा मीटर तांबं झालं. त्याचा रोध साधारण 0.013 ओहम. 80 अँपिअर वाहिले की या केबलमध्ये सुमारे 80 वॉट उष्णता होते, जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा कमी. 150 अँपिअर वाहिले तर सुमारे 290 वॉट, म्हणजे तसे तीन बल्ब. प्रवाह दुप्पटही झाला नाही, पण उष्णता साडेतीनपट झाली, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण सुमारे 70 अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. मे महिन्यात इंजिनशेजारची हवाच किती तापलेली असते ते ड्रायव्हरला सांगायला नको.

यावर वायरमनचं उत्तर ठरलेलं असतं: लिफ्ट अर्धा मिनिटच चालते, तेवढ्यात काय होतंय? त्यात तथ्य आहे. सगळं ठीक असेल तर अर्ध्या मिनिटात फारसं बिघडत नाही. पण ब्रेकर बसवतात तो काहीतरी बिघडेल त्या दिवसासाठी. पंपाला वीज सोडणारा एक सोलेनॉइड असतो, स्टार्टरला असतो तसाच. त्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी चिकटले की बटण सोडलं तरी पंप फिरतच राहतो. फळी वर जाऊन टेकलेली असते, तेल जायला जागा नसते, म्हणून ते रिलीफ व्हॉल्व्हमधून पूर्ण दाबाने टाकीत परत येतं. मोटर तेव्हा सगळ्यात जास्त प्रवाह ओढते आणि तो अर्धा मिनिट नाही, कोणी बघेपर्यंत ओढते. त्या वेळी 80 चा ब्रेकर पडला असता. 150 चा तसाच बसून राहतो.

मग तो पडतो कशाला?

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. गाडीतला असा ब्रेकर बहुतेक वेळा उष्णतेवर चालतो. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि जोड तुटतो. त्यामुळे 80 चा ब्रेकर 81 अँपिअरला लगेच पडत नाही. शंभर अँपिअर तो काही काळ सहन करतो, मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा मोठा झटका तर सहज पचवतो. लिफ्ट बनवणारी कंपनी हे धरूनच ब्रेकर देते. आधी तीन वर्षं नीट चाललेला तोच ब्रेकर आता पडायला लागला असेल तर बदललंय दुसरंच काहीतरी.

सर्वात आधी हात लावावा तो नटांना, अर्थात लिफ्ट चालवून थांबवल्यावर आणि जपून. ब्रेकरचा एखादा नट ढिला असेल तर तिथे उष्णता तयार होते आणि ती थेट आतल्या पट्टीला मिळते. प्रवाह योग्य असतो, तरी ब्रेकर पडतो. लिफ्ट चालू असताना मल्टिमीटरची एक सुई ब्रेकरच्या एका बोल्टवर आणि दुसरी दुसऱ्या बोल्टवर धरायची. दशांश व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर 80 अँपिअरला तिथे 40 वॉट उष्णता होतेय, म्हणजे ब्रेकरला सोल्डरिंगचं मशीन लावून ठेवल्यासारखं झालं. मग ब्रेकर बदला, पण त्याच आकड्याचा.

अशीच सुई बॅटरीच्या टर्मिनलपासून केबलच्या लगपर्यंत, सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर आणि शेवटी पंपाच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत धरत जायची. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच कोणाचं लक्ष नसतं. पुष्कळ गाड्यांत मायनसची वेगळी केबल नसते, बॉडी अर्थ घेतलेला असतो. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल यात तो बोल्ट गंजतो. प्लसची केबल चकचकीत आणि मायनसला गंजाचा थर, असा प्रकार गॅरेजमध्ये नेहमी दिसतो. बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासला, पुन्हा घट्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं, एवढ्यावर काही गाड्यांचा आजार बरा होतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा. व्होल्टेज कमी आलं की मोटर जास्त करंट खाते आणि जळते, हे शेतकऱ्याला पाठ असतं. विहिरीवरच्या एसी मोटरच्या बाबतीत ते खरंही आहे. लिफ्टच्या डीसी मोटरची गोष्ट थोडी वेगळी. तिचा प्रवाह मुख्यतः तेलाच्या दाबावर, म्हणजे फळीवरच्या वजनावर ठरतो. व्होल्ट कमी पडले की ती हळू फिरते. पंधरा सेकंदांत वर जाणारी फळी तीस सेकंद घेते, आणि ब्रेकरमधली पट्टी दुप्पट वेळ तापत राहते. म्हणून लिफ्ट हळू झाली आणि मग ब्रेकर पडायला लागला, असा क्रम असेल तर संशय बॅटरी, केबल किंवा अर्थवर घ्यायचा. लिफ्टचा वेग पहिल्यासारखाच असून ब्रेकर पडत असेल तर ब्रेकर स्वतः किंवा त्याचे नट बघायचे. रिकामी फळीसुद्धा कण्हत वर जात असेल तर बिजागऱ्यांच्या पिना कोरड्या पडल्यात, दांडा वाकलाय किंवा तेल घाण झालंय. ग्रीस मारायला दहा मिनिटं लागतात आणि ते काम सहसा कोणी करत नाही.

ड्रायव्हरची सवयही यात येते. फळी टेकली तरी खात्री म्हणून बटण दाबून धरायचं. प्रत्येक वेळी ते चार-पाच सेकंद पंप पूर्ण दाबावर रिलीफ व्हॉल्व्हशी झगडत असतो. दिवसाला चाळीस फेऱ्या असतील तर हिशोब करा. सरकत्या भिंतीच्या गाडीतही असंच, भिंत टोकाला लागली की बटण सोडायचं. काही कंपन्या टोकाला पोचल्यावर थोडे सेकंद दाबून ठेवायला सांगतात, दोन्ही बाजूंचे सिलिंडर सारखे व्हावेत म्हणून. तिथे पुस्तिकेत जेवढे सांगितलेत तेवढेच.

आणि जास्तीचा माल. लिफ्टवर 500 किलो लिहिलेलं असताना 800 चढवले तर ब्रेकर पडतो तो त्याचं काम करतोय, एवढंच.

प्रवाह मोजायचा तर क्लॅम्प मीटर लागतो. पण इलेक्ट्रिशियनकडचे स्वस्तातले क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या केबलला लावले की शून्य किंवा काहीतरी भलताच आकडा दाखवतात. मीटरवर डीसी अँपिअरची खूण आहे का ते आधी बघायचं.

खरंच मोठा ब्रेकर हवा असेल तेव्हा

असे प्रसंग येतात. जुना पंप गेला आणि त्याच्या जागी जास्त ताकदीचा आला. किंवा बसवणाऱ्याने पहिल्यापासूनच हाताला सापडला तो 50 चा ब्रेकर टाकला होता. मग मोठा करायचाच, पण सुरुवात ब्रेकरपासून करायची नाही. आधी पंपाच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत भारावरचा प्रवाह किती लिहिलाय आणि कंपनीने ब्रेकर किती सांगितलाय ते वाचायचं. मग तो प्रवाह आणि अंतर बघून केबल निवडायची. त्यानंतर ब्रेकर. ब्रेकरचा आकडा पंपाला पुरेल एवढा हवा आणि केबलच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. वायर बदलायची नसेल तर ब्रेकरही बदलायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

केबलसाठी कंपनीचा तक्ता असतो, तोच प्रमाण मानायचा. बेताचा अंदाज म्हणून 16 एमएम तांब्याला 80 चा, 25 एमएमला 100 चा आणि 35 एमएमला 125 चा ब्रेकर धरला तर फारसं चुकत नाही. केबल इंजिनजवळून किंवा बंद पाइपातून जात असेल तर एक पायरी जाड घ्यायची. जाड केबलचा दुसराही फायदा आहे. वरच्या उदाहरणात 16 एमएमवर 100 अँपिअरला जवळपास 1.3 व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात. 35 एमएम टाकली तर 0.6. बारा व्होल्टच्या गाडीत ही पाऊण व्होल्टची बचत लिफ्टच्या वेगात लगेच दिसते. कितीतरी गाड्यांत नुसती केबल आणि अर्थ बदलल्यावर जुनाच ब्रेकर पडायचा थांबतो, कारण काम लवकर संपतं आणि पट्टी तापायला वेळच मिळत नाही.

केबल घेताना दुकानात टोक सोलून बघायचं. बाहेरून तांब्याची दिसणारी तार कापल्यावर आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तिचा रोध जास्त, तक्त्यातला आकडा तिला लागू नाही. आवरण जाड आहे म्हणून आतलं तांबंही जाड असेल असं नाही. लग दाबायला योग्य मशीन हवं. पक्कडीने चेपलेली लग आज घट्ट वाटते, सहा महिन्यांनी तिथेच काळी पडते.

ब्रेकर घेताना एक चूक फार होते. घरातल्या बोर्डातला एमसीबी गाडीत बसवला जातो. 63 अँपिअरचा सहज मिळतो, बसवायला सोपा, दिसायलाही बरा. पण तो एसीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे जोड तुटताना पडलेली ठिणगी पुढच्या शून्याला विझायला मदत होते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी ओढली जाऊन तशीच जळत राहू शकते. म्हणून ब्रेकरवर डीसी लिहिलेलं हवं, व्होल्ट गाडीच्या बॅटरीला पुरेसे हवेत आणि किती हजार अँपिअरचा शॉर्ट तो तोडू शकतो तेही छापलेलं हवं. नुसता '150A' छापलेला, कंपनीचं नावच नसलेला ब्रेकर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याच्यापेक्षा चांगल्या कंपनीचा बोल्टवर बसणारा मोठा फ्यूज बरा. उडाला तर नवा टाकावा लागतो, पण फसवत नाही. एक-दोन फ्यूज गाडीत जादा ठेवले की झालं.

ब्रेकरमध्येही जाती आहेत. एक पडून थंड झाला की आपोआप परत लागतो, दुसरा हाताने बटण दाबल्याशिवाय लागत नाही. लिफ्टला दुसराच हवा. आपोआप लागणाऱ्याचा धोका असा: लिफ्ट थांबली म्हणून हमाल वाकून खाली बघतोय, बटण चिकटलेलं आहे आणि मिनिटाभराने ब्रेकर स्वतःहून लागतो. फळी हलते.

बसवायची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरात. पंपाजवळ बसवलेला ब्रेकर मधल्या सहा मीटर केबलला काहीच संरक्षण देत नाही, कारण केबल वाटेत फाटली तर शॉर्ट त्याच्या अलीकडेच होतो. आणि ब्रेकर इंजिनच्या गरम बाजूला नको. तिथे तो आधीच तापलेला असल्याने दुपारी कमी अँपिअरला पडतो आणि सकाळी ठीक चालतो. अशा गाडीचा मालक तक्रार करतो, वायरमन संध्याकाळी तपासतो, सगळं ठीक निघतं, आणि दोघांचं भांडण होतं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा. हातात अंगठी, कडं असेल तर तेही. पाना एका टोकाला प्लसला आणि दुसऱ्या टोकाला पत्र्याला लागला तर पाना चिकटून बसतो आणि हात भाजतो. फळी वर असेल तर तिच्याखाली लाकडी ओंडका किंवा कंपनीचा लॉक लावल्याशिवाय कोणी जायचं नाही. नुसत्या तेलाच्या भरवशावर नाही. तेलाची होज गळते का ते बोटाने चाचपायचं नाही. दाबातलं तेल सुईसारखं कातडीतून आत जातं. जखम छोटी दिसते, पण लगेच डॉक्टर गाठावा लागतो.

कागद आणि विमा

लिफ्ट किंवा राहण्याची बॉडी नंतर बसवली असेल तर तो गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आरटीओकडे जावं लागतं. जळालेल्या गाडीचा दावा आला की विम्याचा सर्व्हेअर वायरिंग बघतो, बाहेरून जोडलेलं काय होतं ते विचारतो. ब्रेकरचं आणि केबलचं बिल, बसवताना काढलेले दोन फोटो मोबाइलमध्ये ठेवले तर तेव्हा उपयोगी पडतात. तसंच केबल किती एमएमची आणि ब्रेकर किती अँपिअरचा हे पेंटने ब्रेकरशेजारीच लिहून ठेवावं. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच वायरमनकडे जाते आणि त्याला आवरणाकडे बघून आतलं तांबं कळत नाही.

रस्त्यातच अडकलात तर

फळी उघडी राहिली आणि ब्रेकर लागत नाही, मागून हॉर्न वाजतायत, अशा वेळी माणूस पाना आडवा टाकून ब्रेकर ओलांडायला बघतो. ते करू नका. बहुतेक लिफ्टच्या पेटीत हाताने चालवायची सोय असते, छोटा हातपंप किंवा व्हॉल्व्ह सैल करायचा स्क्रू. सरकत्या भिंतीच्या गाडीतही हाताने आत घ्यायची काहीतरी सोय दिलेली असते. ती कुठे आहे आणि कुठला पाना लागतो हे घरी, गाडी रिकामी असताना एकदा करून बघायचं. माल आधी उतरवायचा, मग फळी. ब्रेकर पडल्यावर पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा आणि एकदाच लावून बघायचा. दुसऱ्यांदा लगेच पडला तर पुन्हा दाबायचा नाही.

जळका वास आला किंवा केबलमधून धूर दिसला तर पहिलं काम बॅटरी तोडणं. त्यासाठी बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवलेला असेल तर पान्याची शोधाशोध करावी लागत नाही. गाडीत पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर असावा आणि तो मालाच्या मागे नाही, ड्रायव्हरच्या हाताशी असावा. आग मालापर्यंत गेली असेल तर गाडीपासून लांब व्हायचं आणि 101 किंवा 112 ला फोन करायचा. बाळकुमला ठाणे महापालिकेचं अग्निशमन केंद्र आहे. फोनवर नाक्याचं किंवा पुलाचं नाव, कोणत्या दिशेची लेन आणि गाडीत काय माल आहे हे सांगायचं. थिनर, रंग, सेंटच्या बाटल्या किंवा बॅटऱ्या असतील तर ते सगळ्यात आधी.